पांढऱ्या टोप्या, धावता अश्व: गोल रिंगणातले मीटरिंग आणि फोकस

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे पहिले गोल रिंगण माळशिरस तालुक्यात सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला होते, पुढचे खुडूसला. तुकोबांच्या पालखीचे पहिले बेलवाडीला. कॅमेऱ्याच्या दृष्टीने सगळीकडचा प्रश्न सारखाच आहे. मोकळे मैदान, मध्ये पालखी, तिच्याभोवती पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या महिला, विणेकरी, टाळकरी आणि मृदंगी यांची कडी, आणि त्यांच्यामधून अश्वांसाठी मोकळी ठेवलेली धाव. वर आषाढाचे ढग, खाली भिजलेली काळी माती. हजारो माणसे पांढऱ्या धोतर-सदऱ्यात, पांढऱ्या टोपीत, आणि टोपीखाली उन्हात रापलेले चेहरे. आधी स्वाराचा अश्व, त्याच्यामागून स्वार नसलेला माउलींचा अश्व. दोन-तीन फेऱ्या, आणि काही मिनिटांत सगळे आटोपते. पुन्हा घ्या म्हणता येत नाही.

मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे साधन, फसण्याची आणि फोकस चुकण्याची जवळजवळ सगळी कारणे या एका प्रसंगात एकत्र सापडतात, म्हणून अभ्यासाला हेच प्रकरण घेतले आहे. कॅमेरे दोन. एक निकॉन एफएम२: १९८२ साली आलेला, पूर्ण यांत्रिक शटरचा, हाताने फोकस करण्याचा फिल्म एसएलआर. दुसरा निकॉन डी७५०: २०१४ चा, २४ मेगापिक्सेल, ५१ फोकस बिंदूंचा डिजिटल एसएलआर. रिंगणापुरती लेन्स दोघांना मिळून एकच, ८५ मिमी एफ/१.८ डी. ही जोडी मुद्दाम निवडली आहे. लेन्स तीच आणि प्रकाशही तोच असल्याने निकालात जो फरक पडेल तो मोजण्याच्या आणि फोकसच्या पद्धतीचाच असेल.

लेन्स अदलाबदल करताना एक गोष्ट हाताला सवयीची हवी. डी प्रकारच्या लेन्सला अपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र लहान-मोठे करण्याची, रिंग असते. एफएम२ वर ती रिंग आपण फिरवतो. डी७५० वर ती सर्वांत लहान छिद्रावर, म्हणजे एफ/१६ वर, फिरवून लॉक करावी लागते, मग छिद्र बॉडीवरच्या चाकाने बदलते. लॉक करायला विसरलात तर पडद्यावर ‘एफईई’ असा इशारा येतो आणि शटर पडत नाही. उलट, अपर्चर रिंग नसलेली जी प्रकारची लेन्स एफएम२ वर बसते खरी, पण नेहमी सर्वांत लहान छिद्रावरच फोटो काढते. पावसाळी प्रकाशात ती तिथे निरुपयोगी आहे.

प्रकाश एकच, आकडे तीन

रिंगण सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, ढग एकसारखे पसरलेले असताना, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० आणि एफ/४ ठेवून एफएम२ च्या मीटरने तीन ठिकाणी मोजणी करू. या कॅमेऱ्याचे मीटर मध्यभागाला झुकते माप देणारे आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या १२ मिमी वर्तुळाला ६० टक्के वजन, उरलेल्या चौकटीला ४० टक्के. उजव्या कडेला +, ० आणि − असे तीन लाल दिवे. फक्त ० पेटला तर बरोबर. ० सोबत + किंवा − पेटला तर फरक एका स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). नुसता + किंवा − पेटला तर एक स्टॉप किंवा त्याहून जास्त.

टाळकऱ्यांच्या रांगेने, म्हणजे पांढऱ्या सदऱ्यांनी आणि टोप्यांनी, सगळी चौकट भरली तर ० पेटतो शटर १/४००० सेकंदावर असताना. पायाखालच्या ओल्या काळ्या मातीकडे कॅमेरा वळवला तर १/२५० वर. आपला तळहात त्याच प्रकाशात, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरला आणि वर्तुळ त्याने पूर्ण भरले तर १/२००० वर.

प्रकाश तसूभरही बदललेला नाही, तरी पहिल्या दोन आकड्यांत चार स्टॉपचे अंतर आहे. यात मीटर बिघडलेले नाही. समोर जे असेल ते मधल्या करड्या छटेचे आहे असे धरून ते आकडा सांगते. पांढऱ्या कापडाला ते करडे करायला निघते, काळ्या मातीलाही करडे करायला निघते. समोरचे काय मुळात किती उजळ आहे हे सांगण्याचे काम फोटो काढणाऱ्याचे.

तळहाताचे मोजमाप सर्वांत भरवशाचे. चेहऱ्याचा रंग काहीही असला तरी तळहाताच्या छटेत माणसामाणसात फार फरक नसतो आणि तो मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. म्हणून तळहाताचा १/२००० हा आकडा एक स्टॉप वाढवायचा: एफ/४, १/१०००. या रिंगणाचे मूळ एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा तो आकडा, हेच. पडताळा सोपा आहे. पांढऱ्यावरचा १/४००० दोन स्टॉप वाढवला की १/१०००, मातीवरचा १/२५० दोन स्टॉप कमी केला की १/१०००. तिन्ही वाटा एकाच जागी पोचल्या की आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एखादी वाट वेगळी निघाली तर बहुधा तळहातावर स्वतःची सावली पडलेली असते, किंवा पांढरे कापड वर्तुळात पूर्ण भरलेले नसते.

एकदा हा आकडा ठरला की हट्टाने त्यावरच राहायचे. अश्व पताकांसमोरून जाईल, मग पांढऱ्या गर्दीसमोरून, मग क्षितिजाच्या उजळ ढगांसमोरून. प्रत्येक वेळी मीटर वेगळे सांगेल. अश्वावर पडणारा प्रकाश मात्र तोच राहील. रिंगणाच्या फोटोंत एकाच फेरीतले चार फोटो चार वेगवेगळ्या उजेडाचे दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा कॅमेरा स्वयंचलित ठेवून पार्श्वभूमीच्या मागे धावणे हेच असते.

फिल्मला एक, सेन्सरला दुसरे

इथपर्यंत दोन्ही कॅमेऱ्यांचा हिशेब सारखा. पुढे तो उलटा होतो, आणि हा भाग नीट समजल्याशिवाय दोन्ही प्रकारचे कॅमेरे सोबत वापरू नयेत असे आमचे मत आहे.

एफएम२ मध्ये इलफर्ड एचपी५ प्लस ४०० ही कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म आहे. निगेटिव्हला कमी प्रकाशाचा धाक असतो. टोपीच्या कडेखाली डोळ्यांच्या खोबणीत जो अंधार आहे तिथे पुरेसा प्रकाश पोचला नाही तर फिल्मवर तिथे काहीच उमटत नाही, आणि जे उमटले नाही ते डार्करूममध्ये आणता येत नाही. जास्त प्रकाश मात्र निगेटिव्ह बराच सोसते. पांढरे सदरे दाट होतात, छापायला वेळ जास्त लागतो, पण विणेची तार आणि कापडाची चुणी सापडते. म्हणून फिल्मला मूळ आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यायचा: एफ/४ ला १/५००.

डी७५० चा सेन्सर नेमका उलटा. सावलीतून तो पुष्कळ काही वर काढू देतो, पण एकदा पांढरे जळले की तिथे कोरी जागा उरते. रॉ फाइलमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) मधल्या छटेच्या वर साधारण तीन स्टॉपपर्यंत तपशील टिकतो. पांढरे कापड दोन ते सव्वादोन स्टॉप वर बसते. म्हणजे मूळ आकडा, एफ/४ ला १/१०००, सुरक्षित आहे आणि वर थोडी जागाही उरते. त्यावर आणखी एक स्टॉप चढवला तर मात्र टोप्या जातात.

डी७५० वर हा पडताळा स्पॉट मीटरने घ्यावा. त्याचे वर्तुळ ४ मिमी, चौकटीच्या दीड टक्का, आणि ते निवडलेल्या फोकस बिंदूबरोबर सरकते. बिंदू एखाद्या टोपीवर ठेवायचा, मॅन्युअल मोडमध्ये दर्शक +२ वर येईपर्यंत शटर फिरवायचे. आकडा १/१००० च्या एक तृतीयांश स्टॉप इकडेतिकडे येईल. याच कॅमेऱ्यात उजळ भागाला जपणारी हायलाइट-वेटेड पद्धतही आहे. तिने टोप्या शाबूत राहतात, पण चेहरे इतके खाली जातात की वर ओढताना नॉइज (दाणेदारपणा) येतो. ती वापरायचीच असेल तर +२/३ भरपाई देऊन. मॅट्रिक्स मीटर ९१ हजार पिक्सेलच्या सेन्सरने रंग आणि रचना पाहते, डी लेन्सकडून अंतरही घेते. म्हणून पांढऱ्या गर्दीत त्याची चूक मध्यभागाला झुकते माप देणाऱ्या मीटरपेक्षा कमी असते, पण कमी असते इतकेच. कोणत्या चौकटीत किती चुकेल हे आधी सांगता येत नाही, आणि भरपाई द्यायची तर चूक किती हे माहीत असावे लागते.

मॅन्युअल मोडचा एक आधुनिक फास इथे सांगायलाच हवा. शटर आणि छिद्र हाताने लावले, पण ऑटो आयएसओ चालू राहिला, तर कॅमेरा मॅन्युअल नाही. पांढरी गर्दी आली की आयएसओ खाली, माती आली की वर, आणि एक्स्पोजर पुन्हा पार्श्वभूमीच्या मागे. रिंगणाआधी ऑटो आयएसओ बंद आहे ना हे मेनूत जाऊन पाहावे, शूटिंगच्या माहितीच्या पडद्यावर भरवसा ठेवू नये, कारण घाईत ‘ऑटो’ हा छोटा शब्द नजरेतून सुटतो.

भगव्या पताकांचे वेगळे. भगव्यात लाल रंग इतका प्रबळ असतो की एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाच्या वाटपाचा आलेख) ठीक दिसत असताना लाल वाहिनी काठावर आपटलेली असते. मग पताका सपाट, कापडाची लहर नसलेल्या, प्लास्टिकच्या असल्यासारख्या दिसतात. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावावा आणि लाल आलेख उजव्या कडेला चिकटत असेल तर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करावे. चेहरे तेवढे सोसतात.

गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून आंधळेपणाने फोटो काढण्याची सवय सगळ्यांना असते. डोळा व्ह्यूफाइंडरला नसला की मागून आत शिरणारा उजेड मीटरपर्यंत पोचतो, आणि स्वयंचलित मोडमधला फोटो काळा पडतो. जाड चष्मा लावून डोळा लांब ठेवणाऱ्यालाही हाच त्रास कमी प्रमाणात होतो. आधी मोजून मॅन्युअलवर लावलेल्या कॅमेऱ्याला याचा काहीच फरक पडत नाही.

ऊन पडले तर? जमिनीवर हाताची सावली ठळक कडेची पडू लागली की उजेड साधारण तीन स्टॉप चढलेला असतो. पुन्हा मोजायला वेळ नसतो. शटर तेच ठेवून छिद्र तीन घरे लहान करायचे: डी७५० वर एफ/४ चे एफ/११. सावली पुसट झाली की परत. एफएम२ वर हे काम डोळा न हलवता होते, रिंगचे टक्-टक् मोजत. जुन्या कॅमेऱ्याची ही सोय आजही फार कामाची आहे.

एक्स्पोजर वाढवायचे, पण शटर कमी करायचे नाही

फिल्मला एक स्टॉप जास्त हवा म्हणून १/५०० घेतले. पण अश्व धावतो आहे. घोडदौडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर सेकंदाला ११ मीटर. १/५०० सेकंदात तो २२ मिलिमीटर सरकतो. दहा मीटरवरून ८५ मिमी लेन्सने पाहिले तर फिल्मवर ही हालचाल सुमारे ०.१९ मिमी होते. तीक्ष्ण दिसण्याची नेहमीची मर्यादा ०.०३ मिमी. म्हणजे आडवा जाणारा अश्व कॅमेरा स्थिर ठेवून १/५०० ला टिपला तर सहापट पुसट. १/१००० लाही तिप्पट. पायांचा वेग तर अंगाच्या वेगाहून जास्त.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, अश्व आडवा असताना कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवणे. कोपरे बरगड्यांना टेकलेली, पाय स्थिर, कमरेतून वळायचे, आणि शटर दाबल्यावरही वळणे चालू ठेवायचे. बहुतेक फसलेल्या पॅनमध्ये (असा कॅमेरा फिरवून घेतलेल्या फोटोत) हात शटरच्या क्षणी थांबलेला असतो. १/२५० पर्यंत खाली आले तर अंग तीक्ष्ण, पाय आणि पार्श्वभूमी वाहती, आणि पांढऱ्या गर्दीचे आडवे पट्टे. हा फोटो सुंदर होतो, पण भरवशाचा नाही. दुसरी वाट, अश्व धावेच्या वळणावर आपल्याकडे तोंड करून येतो तो क्षण पकडणे. समोरून येताना प्रतिमेतली हालचाल फार कमी असते, १/१००० पुरते.

मग फिल्मचा जादा स्टॉप कुठून आणायचा? फिल्म ८०० ला पुश करून, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करून, हा मोह होतो. इथे तो चुकीचा आहे. पुश केल्याने उजळ भाग आणखी दाट होतो, पण टोपीखालच्या सावलीत जिथे प्रकाशच पोचला नाही तिथे काही येत नाही. आपल्याला हवी ती सावली, आणि वाढतात ते सदरे. म्हणून स्टॉप छिद्रातून घ्यायचा: एफ/२.८, १/१०००.

त्याची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. दहा मीटरवर फोकस असता, ८५ मिमीला एफ/४ वर साधारण ८.६ ते १२ मीटरपर्यंत तीक्ष्ण दिसते. एफ/२.८ वर ९ ते ११.३. म्हणजे सव्वादोन मीटर, जवळजवळ अश्वाच्या अंगाच्या लांबीइतके. पुढचा सगळा फोकसचा हिशेब या सव्वादोन मीटरमध्ये बसवायचा आहे.

एफएम२: जागा आधी, अश्व नंतर

हाताने फोकस फिरवत धावत्या अश्वाचा पाठलाग करणे ८५ मिमीवर कुणालाही सहज जमत नाही, त्यातून ही डी लेन्स. ऑटोफोकसच्या मोटरसाठी बनवलेली तिची फोकस रिंग थोड्याशा फिरवण्याने खूप पुढे जाते आणि तिला हाताने फोकस करायच्या जुन्या एआय-एस लेन्ससारखा दाटपणा नाही. म्हणून पाठलाग सोडून द्यायचा.

चोपदार जिथे उभे राहू देतील त्या जागेवरून धावेच्या वळणावर एक खूण निवडायची. धावेच्या काठावर उभ्या पताकाधाऱ्याची काठी यासाठी सर्वांत चांगली. एफएम२ च्या नेहमीच्या के२ पडद्यावर मध्ये आडवे दुभागलेले वर्तुळ असते. त्यावर उभी रेघ ठेवली की फोकस नसताना ती मध्ये तुटलेली दिसते, जुळली की फोकस. आडव्या रेघेवर हे वर्तुळ काहीच सांगत नाही. पताकेची काठी, विणेचा दांडा, टोपीचे टोक आणि कपाळाची कड चालते. सपाट पांढरा सदरा चालत नाही. दुभागलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडला तर एक तर डोळा मध्यावर नाही, नाही तर लेन्स मंद आहे. एफ/५.६ च्या झूमवर असे नेहमी होते, अशा वेळी भोवतालच्या मायक्रोप्रिझमच्या कड्याचा चमकता तुटकपणा शांत होईपर्यंत फिरवायचे.

फोकस काठीवर जुळवल्यावर रिंग हलू नये म्हणून कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा रिंगवर लावून टाकावा. सैल रिंगच्या लेन्सला हे फार उपयोगी पडते.

आता वेळ. नजरेने क्षण ओळखून बोट दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून येणारा अश्व सव्वादोन मीटर पुढे येतो, म्हणजे एफ/२.८ ची सगळी खोली ओलांडतो. काठीजवळ अश्व दिसला आणि बोट दाबले, की तो फोटो फोकसच्या अलीकडे काढलेला असतो: पाठ तीक्ष्ण, तोंड सॉफ्ट. म्हणून अश्वाचे तोंड काठीपासून दोन-अडीच मीटर मागे असतानाच दाबायचे. स्वाराच्या अश्वाला आणखी एक हिशेब लागतो. समोरून पाहता स्वाराचा चेहरा अश्वाच्या तोंडाच्या मीटरभर मागे असतो. दोन्ही हवे असतील तर काठी या दोघांच्या मध्ये यावी. माउलींच्या अश्वावर स्वार नाही, तिथे डोळ्यावर फोकस.

पहिल्या फेरीत फोटो न काढता नुसते मोजावे. अश्व वळण कुठून घेतो, काठीच्या किती आतून जातो, हे कळते. फेऱ्या दोन-तीनच असतात, म्हणून ही फेरी सोडायला मन होत नाही. पण पुढच्या फेरीतला एक खात्रीचा फोटो पहिल्या फेरीतल्या तीन अंदाजांपेक्षा मोलाचा आहे. फिल्म पुढे ओढायला हाताने वेळ लागतो, प्रत्येक अश्वामागे एक, फार तर दोन फोटो मिळतात. मधल्या वेळात रिवाइंडची कळ फिल्म ओढताना फिरते आहे ना हेही पाहावे. ती फिरत नसेल तर रोल पुढे सरकतच नाही.

डी७५०: कॅमेऱ्याला काय धरायचे ते सांगणे

एएफ-सी, म्हणजे सतत फोकस, हे उघडच. खरा प्रश्न कोणते बिंदू. ५१ बिंदूंपैकी मधले १५ आडव्या-उभ्या दोन्ही रेघा ओळखणारे आहेत, बाकीचे एकाच दिशेच्या. पांढऱ्या गर्दीत कडेच्या बिंदूने सपाट सदऱ्यावर फोकस शोधायला लागले की लेन्स पुढेमागे घसरत राहते. म्हणून अश्व मधल्या पट्ट्यात ठेवायचा.

रंग ओळखून पाठलाग करणारी थ्रीडी ट्रॅकिंगची पद्धत इथे टाळावी. पार्श्वभूमीत पांढऱ्या-भगव्याची इतकी गर्दी असते की अश्व पांढरा असला तर ती त्याला माणसांत हरवून बसते. पाच बिंदूंचा गट एकच समजणारी ग्रुप एरिया पद्धत जवळच्या गोष्टीला प्राधान्य देते. समोर मोकळी धाव असेल तर ती उत्तम, कारण अश्व हीच जवळची गोष्ट. पण आपल्या आणि धावेच्या मध्ये पताका, हात, मोबाइल असतील तर ती त्यांनाच पकडते. अशा वेळी नऊ बिंदूंची डायनॅमिक पद्धत आणि मधला बिंदू.

मधून पताका फडकून गेली तर कॅमेऱ्याने लगेच तिच्यावर उडी मारू नये, यासाठी लॉक-ऑनची सेटिंग असते. १ ते ५ मधले ४ किंवा ५ ठेवले की कॅमेरा थोडा थांबून पाहतो. याचा तोटा दुसरा अश्व मागोमाग येतो तेव्हा जाणवतो. कॅमेरा पहिल्याला सोडायला तयार नसतो. उपाय बोटात आहे. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एई-एल/एएफ-एल बटणावर द्यायचा. अंगठा दाबलेला तोवर पाठलाग, उचलून पुन्हा दाबला की नवा अश्व. शटर दाबण्याच्या सेकंदभर आधी अंगठा दाबलेला हवा, म्हणजे कॅमेऱ्याला वेग ओळखून पुढच्या जागेचा अंदाज बांधता येतो. अश्व चौकटीत आल्याक्षणी दोन्ही बोटे एकदम दाबली तर पहिले दोन-तीन फोटो जातातच.

हा कॅमेरा सेकंदाला साडेसहा फोटो घेतो, पण १४-बिट रॉमध्ये सुमारे पंधरा फोटोंनंतर मंदावतो, म्हणजे सव्वादोन सेकंदांत. लांबून येणाऱ्या अश्वावर बोट दाबून धरले तर तो वळणावर पोचतो तेव्हा बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरलेला असतो. पाच-सहा फोटोंच्या छोट्या मालिका घ्याव्यात.

एफएम२ ची काठीची युक्ती डी७५० वरही चालते, आणि पताकांची गर्दी फार असेल तेव्हा तीच जास्त विश्वासाची. मागच्या बटणाने काठीवर फोकस करून अंगठा उचलायचा. शटर आता फोकसला हात लावत नाही. मात्र डिजिटल एसएलआरच्या उजळ पडद्यावर डोळ्याने फोकस ठरवू नये. तो पडदा मोठ्या छिद्राचा खरा पुसटपणा दाखवतच नाही, एफ/१.८ ची लेन्सही साधारण एफ/२.८ सारखी दिसते. डोळ्याला जुळले वाटते आणि फोटो सॉफ्ट येतो. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी दोन बाणांमधला ठिपका स्थिर होईपर्यंत फिरवावे.

रिंगणानंतर

अश्व थांबले की लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, मग फुगड्या, उड्या, टाळांचे खेळ. इथे ८५ मिमी लांब पडते. एफएम२ ला ३५ मिमी लावून एफ/८ ला पाच मीटरवर फोकस ठेवला की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे मर्यादेत येते, फोकसला हात लावायची गरज नाही. एक्स्पोजर आधीच्याच हिशेबाने १/१२५. उडी मारणारा वारकरी सर्वांत वर पोचतो त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो, तेव्हा हे शटर पुरते. फुगडीत पुसटपणा येणारच, तो येऊ द्यावा.

८५ मिमीने दोन मीटरवरून एखाद्या विणेकऱ्याचा चेहरा एफ/१.८ वर घ्यायचा असेल तर मधल्या बिंदूने फोकस करून कॅमेरा वळवणे धोक्याचे आहे. दहा अंश वळवले तर फोकसची पातळी डोळ्यांच्या तीन सेंटिमीटर मागे जाते, आणि त्या छिद्राला डोळ्यांच्या मागेपुढे खोली तेवढीच असते. डोळे नेमके काठावर येतात, अंग थोडेसे जरी हलले तरी कानाच्या पाळ्या तीक्ष्ण आणि डोळे सॉफ्ट. डी७५० वर कडेचा बिंदूच डोळ्यावर न्यावा. एफएम२ वर आधी चौकट जुळवून मग दुभागलेल्या वर्तुळाऐवजी त्याभोवतालच्या घासलेल्या काचेवर डोळा पाहावा, किंवा एफ/४ वर यावे.

फसलेले फोटो तपासताना

आधी जमीन पाहावी. अश्व सॉफ्ट आहे, पण त्याच्या मागची किंवा पुढची माती, गवत कुठेतरी तीक्ष्ण आहे, तर चूक फोकसची. जमिनीचा तीक्ष्ण पट्टा अश्वाच्या मागे असेल तर बोट उशिरा पडले, कारण अश्व तो पट्टा ओलांडून पुढे आला होता. पट्टा पुढे असेल तर बोट लवकर पडले, किंवा ऑटोफोकसने मधली पताका धरली. कुठेच काही तीक्ष्ण नसेल आणि सगळ्यावर एकाच दिशेची रेघ असेल तर कॅमेरा हलला. जमीन तीक्ष्ण आणि फक्त अश्व ओढलेला, तर शटर कमी पडले.

धावत्या अश्वाच्या फोटोंवरून लेन्सला ऑटोफोकस फाइन-ट्यून लावायला घेऊ नये. ती दुरुस्ती फक्त तिवईवर, स्थिर वस्तूवर, दहा-बारा फोटोंत सतत एकाच दिशेला चूक दिसली तरच.

एक्स्पोजरसाठी टोप्या आणि चेहरे वेगवेगळे पाहावेत. टोप्या करड्या आणि चेहरे काळे असतील तर पांढऱ्यावर मोजून भरपाई द्यायची राहिली. टोप्या गेल्या आणि चेहरे ठीक असतील तर डिजिटलला फिल्मचा आकडा दिला गेला. दोन कॅमेरे गळ्यात असताना ही चूक सर्वांत सहज होते, म्हणून दोन्ही आकडे दोन पट्ट्यांवर लिहून आपापल्या कॅमेऱ्याच्या मागे चिकटवावेत.

एचपी५ चा रोल एक स्टॉप जास्त देऊन काढलेला आहे हे डेव्हलप करताना लक्षात ठेवावे. आयडी-११ या डेव्हलपरच्या पाणी न मिसळलेल्या मूळ द्रावणात ४०० साठीची वेळ २० अंशांना साडेसात मिनिटे. इथे साडेसहा मिनिटे पुरतात. तेवढ्याने सदऱ्यांचा दाटपणा आटोक्यात राहतो आणि टोपीखालचे डोळे जसे मिळाले तसे टिकतात. पावसाळ्यात नळाचे पाणी २० अंशांच्या बरेच वर असते, तेव्हा द्रावणाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटरने २० वर आणावी, आणि धुण्याचे पाणीही त्याच्या जवळपास ठेवावे.